लातूरची पिशवी

१

लातूरहून आलेल्या पिशवीला नाक लावायचं नाही. चेन उघडायची, पिशवी उलटी करायची, कपडे सरळ टबात. कशाचा वास आला, किती आला, हे तोंडातून काढायचं नाही. शिकणाऱ्या लेकराच्या घामाला नाक मुरडलं की त्याची विद्या जाते, असं अव्वाला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि अव्वानं ते घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. का, असं विचारायची सोय नव्हती.

थोरल्या लेकीनं, दामिनीनं, अर्थातच विचारलं होतं. नांदेडजवळ विष्णुपुरीला राहून ती टेक्सटाइल शिकली होती आणि आता सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायचं काम करत होती. कपड्याला वास का येतो यावर तिनं परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती.

"अव्वा, सुती कपडा घाम सोडतो, पॉलिस्टर धरून बसतं. वास घेतल्याशिवाय कळणार कसं, सोडा कशाला लावायचा?"

"तू तुझ्या कारखान्यात घे वास. हितं न्हाई."

वीरेश तेव्हा लातूरला होता. दामिनीचा धाकटा भाऊ. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून त्याला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला घातला होता, आणि देवणीतली अशी सगळी पोरं राहतात तसा तो एका गल्लीतल्या खोलीत राहत होता. रविवारी दुपारच्या बसनं त्याच्या मळक्या कपड्यांची पिशवी यायची. सोमवारी सकाळी धुतलेल्या कपड्यांची परत जायची. स्टँडसमोरच अप्पांचं किराणा दुकान, त्यामुळे कंडक्टरच्या हातात देणं-घेणं सोपं.

बोअरचं पाणी जड, साबणाला फेस धरत नाही. म्हणून वीरेशच्या कपड्यांना अव्वा टँकरचं पाणी राखून ठेवायची. शेवटच्या पाण्यात कापराची वडी विरघळवायची. कडक उन्हात उलटे वाळवून, घड्या घालून, मध्ये वाळा आणि नागरमोथ्याची पुरचुंडी ठेवायची. वीरेश फोनवर सांगायचा, "अव्वा, तुझी पिशवी उघडली की खोलीतली पोरं म्हणतात, देवघर उघडलं वाटतं कुणीतरी."

मार्गशीर्षात वीरेश गेला. ताप डोक्यात गेला, असं घरात ठरलं.

वैशाखात दामिनी रजेवर घरी आली. पहिल्याच रविवारी दुपारी अप्पा दुकानातून आले आणि न्हाणीपुढच्या धुण्याच्या दगडाजवळ त्यांनी पिशवी ठेवली. खाकी, चेनीची. वर मार्करनं, वीरेशच्याच तिरक्या अक्षरात लिहिलेलं: वीरेश महादेवप्पा, देवणी.

२

"हे काय आहे?" दामिनीनं विचारलं.

अप्पा हात धुवायला गेले. या घरात प्रश्न विचारला की माणसं पाणी प्यायला नाहीतर हात धुवायला उठतात.

"अव्वा, मी तुला विचारतेय."

"पिशवी हाय," अव्वा म्हणाली. तिनं पदर खोचला, टब ओढला. "बाजूला हो. ऊन उतरायच्या आत वाळाय पाहिजेत."

उत्तर मिळालं ते अंजूकडून, माडीवर, हळू आवाजात. अंजू सगळ्यात धाकटी, नुकतीच दहावी झालेली. "अक्का, ती थांबलीच न्हाई. दादा गेल्यावर दिवसकार्य झालं, आणि पुढच्या रविवारी पिशवी आली. अव्वानं धुतली. सोमवारी अप्पांनी पाठवली. तवापासून असंच चालू हाय."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"तू तरी हितं कुठं होतीस बोलायला?"

 दामिनीनं डोकं चालवलं, कारण डोकं चालवलं नाही तर रडू येईल हे तिला कळत होतं. ती तशीच स्टँडवर गेली आणि कंडक्टर उमाशंकरला गाठलं. तो चहाचा कप खाली ठेवून उभाच राहिला.

"ताई, मी काय करू? सोमवारी महादेवप्पा पिशवी देतात. मी लातूरच्या स्टँडवर बाकड्यावर ठेवतो, वीरेश असताना ठेवत होतो तशी. रविवारी तिथंच असती. उचलून आणतो. म्हाताऱ्या माणसाला न्हाई कसं म्हणू?"

म्हणजे एवढंच होतं. धुतलेली पिशवी जात होती, कुणी उचलत नव्हतं, तीच परत येत होती, आणि अव्वा धुतलेलेच कपडे पुन्हा धुवत होती. घरी परत येताना दामिनीला आपला राग कुठं ठेवावा कळेना. रानाच्या कडेला, लिंबाखाली, विभूती लावून, रीतीप्रमाणे बसवून वीरेशला मातीत ठेवला होता. तिनं स्वतःच्या हातानं माती लोटली होती. आणि ही माणसं त्याचे शर्ट बसनं फिरवत होती.

३

घरी आली तेव्हा अव्वा अजून टबात पाणी भरत होती.

"ऊठ. मी धुते."

"तुला जमायचं न्हाई."

"अव्वा, डिग्री आहे माझ्याकडे कपड्यांची. ऊठ."

अव्वा उठली, पण गेली नाही. खांबाला टेकून उभी राहिली.

दामिनीनं चेन उघडली, पिशवी उलटी केली. कपडे दगडावर पडले तेव्हा आवाज आला तो ओल्या कपड्यांचा. धप्प.

वैशाखात देवणीत गच्चीवर कपडा टाकून दुसरी बादली आणायला खाली यावं तर पहिला वाळलेला असतो. दुपारी त्या बसमधला पत्रा हाताला चटका देतो. त्या बसमधून आलेला टॉवेल पिळला तर पाणी निघेल एवढा ओला होता. कुणाची तरी बाटली सांडली असेल, दामिनीनं मनात म्हटलं. तिनं शर्ट उचलला. कॉलरच्या आत काळी रेघ होती. खिशाच्या खालच्या कोपऱ्यात शाईचा ताजा, जांभळट डाग.

धुतलेला कपडा कुणी घातल्याशिवाय कॉलर अशी होत नाही.

"नाक लावू नको," मागून अव्वा म्हणाली.

दामिनीनं शर्ट तोंडावर धरला आणि श्वास घेतला.

वीरेश होता तो. खोबरेल तेल, पेनाची शाई आणि मानेशी किंचित आंबट, दुधासारखा वास. अगदी लहान असताना तो तिच्या काखेत शिरून झोपायचा, तेव्हाचाच. या जगात तो वास फक्त एका माणसाला होता.  शर्ट तोंडावर धरून ती किती वेळ राहिली कोण जाणे. मग त्या वासाच्या मागून दुसरा आला. बंद खोलीचा. ओला टॉवेल खुर्चीवर टाकून, खिडकी लावून घेऊन, कुणी खूप दिवस बाहेर पडलेलं नाही अशा खोलीचा.

तिनं शर्ट टबात बुडवला आणि दोन्ही हातांनी खाली दाबून धरला.

४

कुणीतरी घालतंय, तिनं ठरवलं. स्टँडवरचा एखादा पोरगा. सोमवारी धुतलेले कपडे मिळतात, आठवडाभर घालायचे, रविवारी परत बाकड्यावर. अंगाच्या वासाचं काय, तिला भास झाला असेल. शोक झालेल्या माणसाचं नाक काहीही सांगतं.

चोर असेल तर सापडेल. तिनं कपडे रीतसर धुतले. गरम पाणी, धुण्याचा सोडा, पावडर कमी, कारण जास्तीची पावडर धाग्यात अडकते आणि तीच पुढे कुबट होते. उलटे करून गच्चीवर टाकले. तासाभरात पापडासारखे कडक झाले. तिनं एकेक नाकाशी नेऊन पाहिला. ऊन, कापूर. बाकी काही नाही.

मग सुई-दोरा घेऊन तिनं प्रत्येक शर्टाच्या बाह्या मनगटाशी लाल दोऱ्यानं शिवून टाकल्या. पक्क्या, बारीक टाक्यांनी. हात घालायचा तर आधी दोरा तोडावा लागेल.

दोड्डप्पा त्याच वेळी वर आले. गुरुपादप्पा, अप्पांचे थोरले भाऊ. घरात शब्द त्यांचा चालायचा.

"काय इंजिनेर बाई, टेलरकी कवापासून धरली?"

"तुम्हाला चालतं हे, दोड्डप्पा? दर आठवड्याला ही पिशवी?"

"तुझ्या अव्वाला बरं वाटतं ना? मग झालं. तुझं काय जातंय?" ते कठड्याला टेकले. "आता पुढचं बघाय पाहिजे. अंजूची सीट धरलीय मी लातूरला. त्याच क्लासला. खोलीबी तीच देतो म्हणाला मालक. ओळखीचा हाय, लेकीच्या जातीला बरं असतंय."

दामिनीच्या हातातली सुई थांबली. "तीच खोली?"

"मग? खोलीनं काय केलं?"

"वीरेशला काय झालं होतं, दोड्डप्पा?"

"ताप," ते म्हणाले आणि जिना उतरायला लागले. "तमाम गावाला ठाऊक हाय. ताप डोक्यात गेला."

५

पुढच्या रविवारी पिशवी आली. ओली.

दामिनीनं शर्ट दगडावर पसरले. सगळे टाके जागेवर होते. लाल दोरा, तिची गाठ, तिनं गाठीपाशी ठेवलेलं तेवढंच शेपूट. कुणी उसवून पुन्हा शिवले असते तर जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं दिसली असती. तिनं भिंग आणून पाहिलं, तिचं कामच ते. नवी भोकं नव्हती.

आणि काखेत घामाचे गोल होते. शिवून बंद केलेल्या बाहीच्या आत, जिथं कुणाचं मनगट पोचूच शकत नव्हतं, तिथं टेबलावर हात टेकून लिहिताना लागते तशी शाई लागली होती.

अंजू शेजारी उकिडवी बसली होती. तिनं बाहीवरून बोट फिरवलं. "अक्का, दादा अजून अभ्यासच करायलाय का गं?"

दामिनीनं तिला एवढ्या जोरात जवळ ओढलं की टब कलंडला. अव्वानं टब सरळ केला, सांडलेल्या पाण्याकडे पाहिलं आणि कपडे पुन्हा त्यात घातले.

६

सोमवारी दामिनीनं पिशवी अप्पांच्या हातातून घेतली. "मी नेते."

"तू कशाला? उमाशंकर हाय की."

"मी नेते म्हटलं ना."

बसमध्ये तिनं पिशवी मांडीवर ठेवली आणि तिचा बंद मनगटाला दोन वेढे घेऊन बांधला. उदगीर आलं, गेलं. पिशवी हलकी होती, वाळ्याचा वास येत होता. लातूरच्या स्टँडवर ती उतरली तेव्हाही बंद मनगटालाच होता. ज्या बाकड्यावर वीरेश पिशवी घ्यायला यायचा त्याच बाकड्यावर ती बसली. पिशवी मांडीवर. चेन बंद.

आजूबाजूला तिच्यासारख्याच बायका होत्या. डबे, पिशव्या, मांडीवर घट्ट धरलेल्या. पोरं यायची, डबा घ्यायची, मळके कपडे द्यायची, घड्याळ बघायची. चष्मेवाली, वाळकी पोरं. आयांशी बोलतानाही त्यांचे ओठ काहीतरी पाठ करत असल्यासारखे हलत होते.

शेजारी एक बाई सरकून बसली. भोकरकडची असावी, हातात पत्र्याचा डबा. "पाणी हाय का गं पोरी? तुझा कोण हाय हितं?"

"भाऊ."

"कितवीला?"

दामिनीच्या तोंडात 'होता' आला नाही. "बारावीला."

"माझाबी बारावीलाच. शिवप्रसाद." बाईच्या चेहऱ्यावर कौतुक मावेना. "लई सुधारलाय बघ. आधी कपडे असे घाण करायचा, कॉलर घासून घासून माझी बोटं जायची. आता पिशवी घरी नेली तर धुवायला काय नसतंयच. जशाला तशे. म्हणलं, आता पोरगं टापटीप झालं."

दामिनीनं पाण्याची बाटली तिच्यापुढं केली. "खोलीवर जाऊन भेटून या की, मावशी."

"न्हाई गं. टाइम जातो म्हणतो. डबा हितंच ठेवून जा म्हणतो." बाईनं डबा बाकड्यावर ठेवला, फडक्याची गाठ नीट केली. "माझी गाडी लागली. बघशील जरा डब्याकडं? येईलच तो."

बाई गेली. दामिनी बसून राहिली. डबा घ्यायला कुणी आलं नाही. वीरेशची पिशवी घ्यायलाही कुणी आलं नाही. शेवटी तिची बस लागली तेव्हा डब्यावर धूळ बसली होती आणि मुंग्या लागू नयेत म्हणून तो उचलून वर ठेवण्यापलीकडे दामिनी काही करू शकली नाही.

७

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. ऊन खिडकीतून आडवं येत होतं. दामिनीचा डोळा लागला नव्हता, हे तिनं नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं पूर्ण रस्ता पाहिला होता. सोयाबीनची उघडी रानं, वाटेतला ढाबा, टेकाडावरचं मंदिर.

उदगीरच्या पुढं कुठंतरी पिशवी जड झाली.

एकदम नाही. कुणी बसल्या बसल्या पेंगतं, आधी खांद्याला लागतं, मग हळूहळू सगळा भार टाकतं, तशी. मग ती ऊबदार झाली. उन्हानं तापलेला कॅनव्हास वेगळा लागतो, कोरडा. ही ऊब दमट होती. आणि मांडीवरचा भार एका बाजूला गोल होता.

वीरेश चौथीत असताना उदगीरच्या जत्रेहून परत येताना असाच तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपला होता. तिची मांडी मुंग्या येऊन बधिर झाली होती आणि तिनं देवणीपर्यंत ती हलवली नव्हती.

तिनं खाली पाहिलं नाही. खाली पाहिलं की पिशवी दिसेल, आणि नुसती पिशवी दिसली तर ती सहन करू शकणार नव्हती. दुसरं काही दिसलं तर तेही. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि तिचा हात तिच्या नकळत कॅनव्हासवरून फिरायला लागला, कपाळापासून मागे, जसा तेव्हा फिरवला होता. हाताखाली काहीतरी वर आलं, थांबलं, खाली गेलं. पुन्हा वर आलं. दमलेल्या पोराच्या झोपेत असतो तसा तो श्वास होता, मोठा, तुटक, मध्येच हुंदका गिळल्यासारखा.

"झोप," ती पुटपुटली. "झोप रे. आता कुठंच जायचं नाही."

देवणीचा फाटा आला. बस वळली. मांडीवरचा भार नव्हता. सलवार मात्र मांड्यांपर्यंत भिजली होती, आणि बंद अजून मनगटालाच होता.

८

घरी सगळे सोप्यात होते. दोड्डप्पा खुर्चीत, अप्पा पलंगावर, अव्वा उंबऱ्याशी. मधोमध अंजू नवा कुडता अंगाला लावून उभी होती. पिस्ता रंग, बारीक पांढरे ठिपके.

"बघ अक्का, दोड्डप्पांनी लातूरला जायला शिवून आणला. आजच उदगीरच्या टेलरकडून आलाय." अंजू हसत होती, पण डोळ्यांनी नाही. "त्याच्याकडची गुंडी संपली म्हणून खालची एक काळीच लावली मेल्यानं."

"काळ्या गुंडीनं मार्क कमी पडत न्हाईत," दोड्डप्पा म्हणाले. "दामिनी, पिशवी तशीच का आणलीस? ठेवून यायचं ना."

दामिनी दगडाशी गेली. चेन उघडली. पिशवी उलटी केली.

वीरेशचे शर्ट पडले. लाल टाके जागेवर, कॉलरी काळ्या, ओले. टॉवेल पडला. विजार पडली. आणि सगळ्यात शेवटी, तळातून, नीट घडी घातलेलं एक काहीतरी कोरडं पडलं.

पिस्ता रंग होता. म्हणजे कधीकाळी असावा. कितीतरी धुण्यांनी तो विटला होता, ठिपके पुसट झाले होते, शिवणी विरल्या होत्या. दामिनीनं तो उलगडला. खालची गुंडी काळी होती.

अंजू जवळ आली. तिच्या एका हातात नवा होता. तिनं तो जुन्याशेजारी धरला. खांदे जुळले. बाह्या जुळल्या.

"अक्का," ती म्हणाली, "हा माझाच हाय."

हा इथं कसा आला, असं कुणीच विचारलं नाही. सवयच नव्हती.

दामिनीनं कुडता नाकाला लावला. तिला अंजूचा घाम हवा होता, पावडर, तेल, शाई, काहीही. ती हुंगत राहिली. कॉलर, काख, पाठ.

"कशाचा वास आला?" अव्वानं विचारलं. तिनं आजवर हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"वाळ्याचा," दामिनी म्हणाली. "कापराचा. बाकी कशाचाच नाही."

अव्वा उंबऱ्यावर होती तिथंच खाली बसली. तिचा आवाज फार साधा निघाला, धुण्याचा हिशेब सांगावा तसा.

"त्याच्याबी शेवटच्या पिशव्यांना वाळ्याचाच वास होता गं. नाक लावायचीबी गरज न्हाई पडली. चेन उघडली की यायचा. मी घातलेल्या घड्या, मी ठेवलेली पुरचुंडी, जशाला तशी. त्यानं अंगाला लावलाच न्हाई एकबी कपडा. मी म्हणलं, लेकरू किती नीट राहायलंय. मी परत धुतले. परत धाडले. त्यानं परत तशेच धाडले." ती थांबली. "मी वासाचं बोलले न्हाई. बोलायचं नसतंय म्हणून."

"गौरम्मा," अप्पा म्हणाले, "पुरं."

दामिनीच्या डोळ्यांपुढं तो पत्र्याचा डबा आला. जशाला तशे, ती बाई म्हणाली होती. शिवप्रसाद. त्या बाईचा नंबर तिच्याकडं नव्हता. आडनावसुद्धा तिनं विचारलं नव्हतं.

९

दोड्डप्पांनी घसा साफ केला. "टेलरनं दोन शिवले असतील. गडबडीत पिशवीत गेला असंल एक. नाहक डोक्यात घेऊ नका. येत्या सोमवारी मी स्वतः अंजूला घेऊन—"

"अंजू जाणार नाही."

"हे ठरवणारी तू कोण?"

"तिची बहीण. वीरेशचीही होते." दामिनीचा आवाज चढला नाही, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. "अंजू, तुला जायचंय?"

अंजूनं नवा कुडता छातीशी धरला होता. "मला कुणी विचारलंच न्हाई," ती म्हणाली, आणि मग मान हलवली. नाही.

"पोरीच्या जातीनं एवढं—" दोड्डप्पा उठले.

"वीरेश तापानं गेला नाही, दोड्डप्पा."

ते अर्धे उभे, अर्धे बसलेले राहिले.

"त्या खोलीत त्यानं आपला जीव दिला. हे तुम्हाला ठाऊक आहे, अप्पांना ठाऊक आहे, अव्वाला धुण्याच्या दगडावर कळलं होतं. तो दर आठवड्याला सांगत होता. आणि आपण त्याचं सांगणं धुऊन, वाळवून, वाळा घालून त्यालाच परत पाठवत होतो."

अव्वा उठली. सवयीनं तिनं टब ओढला, सवयीनं टाकीच्या नळाखाली ठेवून नळ सोडला, आणि दगडावरचा ओला शर्ट उचलायला हात पुढे केला. ऊन उतरायला आलं होतं.

दामिनीनं तिच्या आधी शर्ट उचलला. तसाच, ओला, काळ्या कॉलरीचा. तिनं तो छातीशी गुंडाळून धरला, आणि तिचं रडं आत्ता कुठं आलं, खोबरेल तेलात आणि शाईत तोंड खुपसून.

"हा मी धुणार नाही," ती म्हणाली. "कुणीच धुवायचा नाही. ह्या घरात ह्याचा वास राहील. येणाऱ्या-जाणाऱ्याला येऊ दे. विचारू दे, कशाचा वास आहे. मी सांगेन. आणि पिशवी आता परत जाणार नाही. तो घरी आलाय."

तिनं दोड्डप्पांकडे पाहिलं. ते खुर्चीत परत खाली बसले. अप्पांनी हात धुवायला जायला म्हणून पाय खाली सोडले आणि ते तसेच बसले, नजर पिशवीवरच्या तिरक्या अक्षरांवर. अव्वाचा पुढे केलेला हात हवेत होता. तिनं तो मागे घेतला नाही.

 टँकरचं राखून ठेवलेलं पाणी टब भरून काठावरून वाहायला लागलं, अंगणभर पसरलं, अव्वाच्या पायांपर्यंत आलं. नळ बंद करायला कुणीच उठलं नाही.